ढालीवरचा उमेश

इंदूर, रविवार रात्री

प्रवासात घरची मंडळी झुंबरे, गालिचे आणि चांदीची भांडी पाहत असतात आणि मी मात्र कमानीच्या माथ्यावर, लोखंडी फाटकांवर, कधीकधी तर गटाराच्या झाकणांवरही राजचिन्हे शोधत मागे रेंगाळतो, ही माझी खोड आता सर्वांनी स्वीकारली आहे. रोममध्ये गटाराच्या झाकणांवर आजही नगराची चार अक्षरे ओतलेली दिसतात, तर अ‍ॅमस्टरडॅममध्ये रस्त्याकडेच्या ठेंगण्या लोखंडी खांबांवर एकाखाली एक अशा तीन फुल्या असतात. तिकडच्या चिन्हांना व्याकरण आहे. दगडात किंवा कोरीव छपाईत रंग दाखवता येत नाही, म्हणून 17व्या शतकापासून उभ्या रेघा म्हणजे तांबडा, आडव्या म्हणजे निळा, ठिपके म्हणजे सोने आणि कोरी जागा म्हणजे चांदी असा संकेत रूढ झाला. तो एकदा कळला की रंग उडालेली ढालही वाचता येते.

आज दुपारी इथल्या लालबागेच्या, म्हणजे होळकरांच्या राजवाड्याच्या, फाटकापाशी बराच वेळ उभा होतो. लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या फाटकांवरून बेतलेली ही ओतीव लोखंडाची दारे विलायतेहून जहाजाने आली, हे इंदुरात शाळकरी पोरही सांगते. पण त्यांच्यावरचे होळकरांचे राजचिन्ह जवळ जाऊन पाहणारा क्वचितच भेटतो. ढालीच्या एका अंगाला घोडा, दुसऱ्या अंगाला नंदी आणि खाली पट्टीवर संस्कृत ब्रीद: ‘प्राहोमेशो लभ्या श्रीः कर्तुः प्रारब्धात्’, म्हणजे उमेश सांगतो, करणाऱ्याला वैभव प्रारब्धातून लाभते. रंगाचे थर एकावर एक चढल्यामुळे अक्षरांच्या कडा बोथट झाल्या आहेत, आणि ब्रीद आधीपासून ठाऊक नसेल तर ते लागत नाही.

ही ढाल आपली नव्हे. 1 जानेवारी 1877 रोजी व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी घोषित करण्यासाठी दिल्लीत दरबार भरला, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने संस्थानिकांना रेशमी निशाणे दिली. त्यांवरची चिन्हे बंगालच्या मुलकी सेवेतील रॉबर्ट टेलर या अधिकाऱ्याने आखली होती. सार्वभौम सत्तेने मांडलिकांना निशाण द्यावे, हा त्यातला खरा मतलब, आणि तो मला आजही खटकतो. त्याआधी मराठा सरदारांची ओळख चित्रात नव्हती, शिक्क्यावरच्या अक्षरांत होती. ‘श्री म्हाळसाकांत चरणी तत्पर, खंडोजी सुत मल्हारजी होळकर’ असा थोरल्या सुभेदारांचा, म्हणजे होळकर घराण्याचे संस्थापक मल्हाररावांचा, शिक्का. त्यात आधी कुलदैवत, मग वडील आणि सर्वांत शेवटी स्वतः.

म्हाळसाकांत म्हणजे जेजुरीचा खंडोबा, म्हणजेच शिव. ब्रीदातला उमेशही तोच. घोडा खंडोबाचे वाहन आणि नंदी महादेवाचे. साचा विलायती असला तरी शिक्क्यावरचा देव त्यात येऊन बसला आहे आणि नुसता शोभेपुरता नाही, तर ‘प्राह’ म्हणजे तोच बोलतो आहे. हे जाणूनबुजून घडवले गेले की आपसूक घडले, यावर मी पैज लावणार नाही; पण शिवाजीराव होळकरांच्या तांब्याच्या नाण्यांवरही बसलेला नंदीच आहे, तेव्हा हे दैवत दरबाराच्या नजरेआड कधीच झाले नव्हते, एवढे नक्की.

ग्वाल्हेरीस प्रकार निराळा. शिंद्यांचे कुलदैवत जोतिबा. चिन्हावर मात्र नजर जाते ती दोन बाजूंना फणा काढून उभ्या असलेल्या नागांकडे. निजलेल्या पूर्वजावर नागाने फणा धरल्याची आख्यायिका त्यामागे सांगतात. तिथल्या जयविलास राजवाड्यात ते नाग मोठ्या दिमाखात दिसतात, पण मला ते माधवराव महाराजांच्या पाव आण्याच्या नाण्यावरच अधिक आवडले. एका अंगाला महाराजांचा मुखवटा आणि दुसऱ्या अंगाला, नखाएवढ्या जागेत, ते दोन नाग. बाजारहाट करणाऱ्या माणसाच्या कनवटीला राजचिन्ह पोहोचले ते असे. राजवाड्याच्या फाटकाआत त्याला कोण घेणार होते?

हिवाळ्यात बडोद्यास जायचे ठरते आहे. गायकवाडांचे ब्रीद ‘जीन घर, जीन तख्त’: खोगीर हेच घर आणि खोगीर हेच सिंहासन. घोड्यांच्या टापांवर राज्य मिळवलेल्या घराण्याने ब्रीदात देवाला न आणता खोगिराला आणले, हा रोखठोकपणा मला होळकरांच्या संस्कृतपेक्षाही मराठा वाटतो. घरच्यांना तिथला लक्ष्मीविलास राजवाडा पाहायचा आहे. मी ते ब्रीद तिथे कुठेकुठे कोरले आहे ते पाहीन.