‘हे’ म्हणजे कोणतं?

विद्यापीठाच्या अध्यापन विकास केंद्रात मी ऑनलाइन अभ्यासक्रमांचं काम बघतो. शिकवायचं कसं, यावर प्राध्यापकांशी बोलणं हे माझं खरं काम. निम्म्या लोकांना मात्र मी पासवर्ड बदलून देणारा माणूस वाटतो. त्यामुळे संख्याशास्त्राचे सर आपणहून आले तेव्हा बरं वाटलं. आले ते चिडूनच.

“मुलं बघतच नाहीत हो. चाळीस मिनिटांचा व्हिडिओ, बाराव्या मिनिटाला पसार! बंद करून टाका तो कोर्स.”

माझं उत्तर तयार होतं. एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख व्हिडिओ-सत्रांचा एक अभ्यास २०१४ साली आला. व्हिडिओ कितीही लांब असो, निम्मे प्रेक्षक सहा मिनिटांच्या आत गळतात, असं त्यात दिसलं. कार्यशाळांमध्ये हा आकडा मी असंख्य वेळा फेकलाय.

“तुकडे करा सर. सहा-सहा मिनिटांचे.”

“पण माझी मुलं बारा मिनिटं बसली की.”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त सरासरी पाहिली होती. आता कुठल्या सेकंदाला किती जण बघतायत, तो आलेख उघडला. अकराव्या मिनिटापर्यंत रेघ जवळपास सपाट. मग अचानक उंच सुळका, आणि त्यानंतर कडाच. सुळका म्हणजे तेवढाच भाग मुलांनी मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिला होता. कंटाळलेली मुलं असं करत नाहीत.

आम्ही दोघांनी तो भाग लावला. संभाव्यतेतला बेझचा सिद्धांत चालू होता. पडद्यावर स्लाइड, कोपऱ्यात सरांचा चेहरा, आणि आवाज: “हे इथून उचललं, तिकडे ठेवलं, की झालं.” हे म्हणजे कुठलं? सर वर्गात पडद्याजवळ उभे राहून बोटानं दाखवत होते, आणि बोट चित्रीकरणात नव्हतंच. मी कागदावर रेघा मारत मोजलं. अकरा ते तेरा मिनिटांच्या मधे एकवीस वेळा ‘हे’, ‘ते’ नाहीतर ‘इथे’.

सर बराच वेळ काही बोलले नाहीत. “वर्गात तर सगळ्यांना कळतं,” एवढंच हळूच म्हणाले.

मग मी प्रश्नांचं पान उघडलं. ते मी आधीच उघडायला हवं होतं, आकड्यांच्याही आधी. तीन आठवड्यांपूर्वीचा एका मुलीचा प्रश्न तिथे पडून होता: ‘सर, ११.४० ला हे म्हणजे कोणतं?’ खाली आणखी नऊ जणांनी ‘मलाही’ लिहिलेलं. उत्तर कोणाचंच नाही. तो अभ्यासक्रम सुरू करताना ‘प्रश्नांवर रोज लक्ष राहील’ असं मीच लिहून दिलं होतं.

सरांनी कीबोर्ड स्वतःकडे ओढला. दोन बोटांनी, शोधत शोधत टाइप केलं: ‘छेदातली पूर्ण बेरीज. उशीर झाला, क्षमस्व.’ पाठवलं आणि मला म्हणाले, “तेवढाच भाग पुन्हा रेकॉर्ड करू. पेन लागेल, पडद्यावर लिहायचं. आज स्टुडिओ मोकळा आहे का?”

मोकळा नव्हता. माझी सहा मिनिटांवरची कार्यशाळा होती तिथे. ती पुढे ढकलली.