भोकांचं पुस्तक

रविवार, रात्री. पाचपाखाडी, ठाणे.

दिवसभर पावसाची झड. तलावपाळीची फेरी बुडाली, म्हणून नातीने पुन्हा 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' हे भुकेल्या अळीचं इंग्रजी चित्रपुस्तक काढलं. आमच्या घरात ते भोकांचं पुस्तक. सोमवारी एक सफरचंद, मंगळवारी दोन नासपती, असं करत अळी शुक्रवारच्या पाच संत्र्यांपर्यंत येते आणि प्रत्येक फळाला खरंखुरं आरपार भोक. मी बघून बघून मराठीत सांगत असते, तिचं अर्धं लक्ष करंगळीत. भोकात घालायची, पान उलटून बघायचं, आली का पलीकडे? एका फळाचं पान चिंचोळं, पाच फळांचं ऐसपैस. आकडे शिकवावेत तर असे.

पुस्तकाचे लेखक-चित्रकार एरिक कार्ल यांना हे सुचलं कागदांना पंचने भोकं पाडताना. आधी गोष्ट विली नावाच्या किड्याची होती, संपादिकेने अळी सुचवली. अळी आली की फुलपाखरू आलंच! १९६९ साली असली कापाकापीची पानं अमेरिकेत परवडणाऱ्या दरात छापून मिळेनात, म्हणून छपाई जपानमध्ये झाली. चित्रं रंगवलेला पातळ कागद कापून चिकटवलेली. आज चष्मा लावून नीट पाहिलं, तर अळीच्या हिरव्या अंगावर ब्रशचे फराटे चक्क दिसतात.

माझा आवडता शनिवार. केक, आइस्क्रीम, चीज, सलामी, लॉलीपॉप... थेट कलिंगडापर्यंत दहा पदार्थ हाणते आणि मग रात्री पोटदुखी. आपल्याकडे असती ही गोष्ट, तर लगेच खाली 'तात्पर्य' आलं असतं. इथे तिला कुणी बोलत नाही. रविवारी एक हिरवं पान खाते, बरं वाटतं, गोष्ट पुढे. पोरांना हेच भावत असणार, माझं तर ठाम मत आहे. एरवी दिवसभर 'हे खा, ते नको' चालूच असतं (आमच्याकडे बहुतेक वेळा माझ्याच तोंडून).

बाल्कनीतल्या कढीपत्त्यावर सध्या खऱ्या अळ्या आहेत. लहान असताना पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. सून म्हणाली, आमटीला पानं राहायची नाहीत, झटकून टाकू. त्यावर बाईसाहेब कुंडीसमोर ठिय्या देऊन बसल्या. शेवटी तह झाला: अळ्या राहतील, कढीपत्ता बाजारातून येईल. आणि शनिवारी अळ्यांना केक द्यायचा, हे कलम तिने परस्पर घुसडलंय.