‘सैरंध्री’ डोक्यातून जात नाहीये

आज ठाण्यात ग्रंथालयात खाडिलकरांचं ‘कीचकवध’ हाती लागलं. पानं इतकी जीर्ण की उलटताना कडा सुटून बोटांना चिकटत होत्या. १९०७चं नाटक. कीचकात लोकांना इंग्रज व्हाइसरॉय कर्झन दिसला आणि १९१०मध्ये इंग्रजांनी बंदी घातली.

त्याच नाटकावरून बाबूराव पेंटरांनी १९२०मध्ये ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला, कोल्हापुरात, स्वतः बनवलेल्या कॅमेऱ्यावर! भीम कीचकाला मारतो ते दृश्य इतकं खरं वाटलं की सेन्सॉरने कापायला लावलं. आणि आज तो चित्रपटच कुठे उरलेला नाही. फार वाईट वाटतंय. बंदी आलेलं नाटक छापील रूपात टिकलं, गाजलेला चित्रपट गेला.

कुणाच्या घरी त्या काळातले सिनेमाचे फोटो, जाहिराती असतील तर कृपया रद्दीत देऊ नका.