डायल-अपला ऑटो रीडायल लावताना: एक्सपी, बाहेरचा मोडेम आणि नागपूरची लाइन

इतवारीतल्या एका ठोक दुकानाच्या मशीनवर, म्हणजे टेलिफोन लाइनवरून मोडेमने इंटरनेट जोडणाऱ्या संगणकावर, हे बसवलं. विंडोज एक्सपी, सिरियल पोर्टला लावलेला ५६ के बाहेरचा मोडेम, आणि एकच टेलिफोन लाइन, तीही गल्ल्यावरच्या फोनला समांतर. मागणी अशी की लाइन तुटली तर मशीननेच पुन्हा फोन लावावा, कुणी माउसला हात लावू नये. दोन आकडे भरले की झालं, असं वाटतं. पुन्हा लावणं खरंच सोपं आहे. कोणत्या एररवर गप्प बसायचं, हे ठरवण्यात सगळा वेळ जातो.

आधी खिडकीतलं उरकून घ्या. नेटवर्क कनेक्शन्समध्ये कनेक्शनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ऑप्शन्स. रीडायल अटेम्प्ट्स मुळात ३ असतं, मी २० केलं. दोन प्रयत्नांमधला वेळ मुळात १ मिनिट असतो, तो तसाच ठेवला. यादीत १ सेकंदापासून १० मिनिटांपर्यंत पर्याय आहेत. 'रीडायल इफ लाइन इज ड्रॉप्ड'वर टिक करा. नाव-पासवर्ड विचारण्याची आणि फोन नंबर विचारण्याची टिक काढा, नाहीतर मशीन रात्रभर खिडकी उघडून कुणीतरी ओके दाबायची वाट बघत बसतं. पासवर्ड सेव्ह करताना 'या संगणकावरच्या सर्वांसाठी' हा पर्याय घ्या.

टिक करूनही तुटलेली लाइन परत लागत नसेल तर सर्व्हिसेस उघडा. 'रिमोट ॲक्सेस ऑटो कनेक्शन मॅनेजर' बंद असते, ती ऑटोमॅटिक करून चालू करावी लागते. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

लाइन मशीन स्वतःच तोडतं अशा जागाही तीन आहेत: याच खिडकीतली आयडल टाइमची मर्यादा, इंटरनेट ऑप्शन्स, कनेक्शन्स, सेटिंग्ज, ॲडव्हान्स्डमधली '२० मिनिटं रिकामं असल्यास तोडा', आणि फोन अँड मोडेम ऑप्शन्समधली मोडेमची स्वतःची मर्यादा. तिन्ही बघा. आयडलमुळे मशीनने मुद्दाम कापलेला कॉल रीडायलच्या खात्यात येत नाही, म्हणून 'कधी चालतं, कधी नाही' असा भास होतो.

नंबरचं एक खास. कनेक्शनमध्ये 'यूज डायलिंग रूल्स'ची टिक राहिली आणि लोकेशन दुसऱ्या शहराचं असलं, तर १७२ ने सुरू होणाऱ्या डायल-अप नंबराच्या आधी नागपूरचा एसटीडी कोड ०७१२ लागू शकतो. मग पलीकडे मोडेमऐवजी रेकॉर्ड केलेली बाई बोलते, आणि मशीनला फक्त एरर ६७८ दिसतो, म्हणजे उत्तर नाही. ही टिक काढा. इंटरकॉममधून ० दाबून बाहेरची लाइन घ्यावी लागत असेल तर ० नंतर स्वल्पविराम टाका. मोडेम तिथे साधारण २ सेकंद थांबतो.

आता एरर. ६७६ म्हणजे समोरची लाइन बिझी. आपल्याकडे जिला 'लाइन लागूनच नाही राहिली' म्हणतात ती हीच. पैसे पडत नाहीत, खुशाल पुन्हा लावा. ६८० म्हणजे डायल टोन नाही: वायर सुटली आहे किंवा गल्ल्यावर कुणी बोलतंय. इथे दोन-तीन मिनिटं थांबलेलं बरं. ६९१ म्हणजे नाव-पासवर्ड नाकारला, आणि खरा खर्चिक हाच. समोरच्या मोडेमने फोन उचललेला असतो, म्हणजे कॉल मोजला गेला. पासवर्ड चुकला असेल किंवा तास संपले असतील तर मशीन रात्रभर मिनिटामिनिटाला पल्स (बिलातली युनिटं) जाळत राहतं.

६९१ चं दुसरं रूप फसवं आहे. लाइन झटक्यात तुटली तर समोरच्या सर्व्हरला ते लगेच कळत नाही. त्याच्या लेखी आपण आतच असतो. एका खात्यावर एकच लॉगिन चालत असेल तर ५ सेकंदांत लावलेला कॉल ६९१ खातो आणि मिनिटाभराने लावलेला बिनबोभाट लागतो. रीडायलचं अंतर १ मिनिट ठेवलं ते यासाठी.

एररप्रमाणे वेगळं वागायची सोय त्या खिडकीत नाही, म्हणून रासडायल. ही कमांड एकदाच डायल करते आणि एररचा नंबर एररलेव्हलमध्ये (शेवटच्या कमांडचा निकाल जिथे राहतो तिथे) ठेवते. बॅच फाइलमध्ये (ओळीने चालणाऱ्या कमांडची फाइल) रासडायल, कनेक्शनचं नाव, युजर, पासवर्ड. मग एररलेव्हल तपासायचा. ६९१ पहिल्यांदा आला तर २ मिनिटं थांबून आणखी एकच प्रयत्न, पुन्हा तोच आला तर फाइल बंद. ६८० वर ३ मिनिटं, बाकी सगळ्यांवर १ मिनिट. एक्सपीत थांबायची वेगळी कमांड नसते, म्हणून १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःच्याच मशीनला, सेकंदाला एक असे ६१ पिंग, म्हणजे साधारण ६० सेकंद. कनेक्शन चालू असताना रासडायल दिली तर ती 'आधीच जोडलेलं आहे' एवढंच सांगते, त्यामुळे तीच फाइल फेरा मारत राहिली तरी बिघडत नाही. फाइल स्टार्टअपमध्ये टाका आणि खिडकीतली रीडायलची टिक काढा, नाहीतर दोघे एकाच पोर्टवर भांडतात आणि ६३३ येतो, म्हणजे पोर्ट आधीच वापरात. पासवर्ड फाइलमध्ये उघडा राहतो, एवढं लक्षात असू द्या.

मोडेमच्या जादा कमांडमध्ये एस१० हे रजिस्टर (मोडेममधली सेटिंग) कामाचं. कॅरियर, म्हणजे समोरच्या मोडेमचा सूर, गेल्यावर किती दशांश सेकंद धीर धरायचा ते यात असतं. मूळ १४, मी ५० ठेवतो. कॉल वेटिंगच्या टुंगवर सगळं कोसळायचं ते बरंचसं थांबतं. एक्स३ मात्र उगाच टाकू नका. ते टाकलं की मोडेम डायल टोनची वाट बघत नाही. रीडायल चालू आणि गल्ल्यावर मालक व्यापाऱ्याशी बोलतायत, तर त्यांच्या कानात थेट मोडेमची शिटी. काही मोडेम लागोपाठ फसलेल्या कॉलनंतर 'डिलेड' किंवा 'ब्लॅकलिस्टेड' म्हणून डायल करायलाच नकार देतात. हा नियम मोडेममधल्या देशाच्या कोडवर ठरतो. जीसीआय (देशाचा कोड बदलायची कमांड) मानणाऱ्या मोडेमवर भारताचा कोड ५३ आहे, तो टाकून बघा.

एवढं करून तासातासाला तुटत असेल तर सॉफ्टवेअर सोडा आणि रोझेट, म्हणजे भिंतीवरची टेलिफोनच्या तारांची डबी, उघडा. नागपुरात उन्हाळ्यात कूलर खिडकीत, आणि त्याच खिडकीखाली टेलिफोनचं रोझेट. ओल्या हवेने स्क्रूखालच्या तांब्यावर हिरवट थर चढतो. तार सोलून ताजं टोक काढा, स्क्रू घासून घट्ट करा. मग रिसीव्हर उचलून एकच आकडा दाबा; टोन थांबतो आणि शांततेत खरखर असेल तर ऐकू येते. रोझेटपाशीच समांतर फोन काढूनही खरखर येत असेल, तर दोष बाहेरच्या तारेत आहे आणि तक्रार नोंदवल्याशिवाय गत्यंतर नाही. पहिल्या पावसानंतर हे हमखास. मोडेमचा ॲडॅप्टरही यूपीएसवरच हवा, नाहीतर वीज गेली की संगणक जिवंत, मोडेम मेलेला, आणि ६९२ ची (मोडेम किंवा पोर्टमध्ये बिघाड) रांग.

लिनक्सवर पीपीपीडीला (डायल-अप जोडणी सांभाळणारा प्रोग्राम) पर्सिस्ट (तुटली की पुन्हा लाव), होल्डऑफ ६० (मध्ये ६० सेकंद थांब), एलसीपी इको (जोडणी जिवंत आहे का ही विचारणा) दर ३० सेकंदांनी आणि ४ फसले की मेलं समजायचं, एवढं पुरतं. मॅक्सफेल, म्हणजे सलग किती अपयशांनंतर थांबायचं तो आकडा, मुळात १० असतो. तो शून्य केला की पीपीपीडी कधीच हार मानत नाही, आणि आपल्या बिलाला ते परवडत नाही.

चाचणीसाठी कनेक्शन चालू असताना मोडेममागची लाइनची वायर उपटा. ५ सेकंदांनी मोडेमवरचा सीडीचा (कॅरियर असल्याचा) दिवा विझला पाहिजे. वायर परत लावून थांबा. मिनिटाभरात ओएचचा (मोडेमने लाइन उचलल्याचा) दिवा लागतो आणि मोडेम डायल करतो. मग पासवर्ड मुद्दाम चुकवून एक फेरा घ्या आणि फाइल दुसऱ्या ६९१ ला थांबते का ते बघा. थांबली नाही तर मशीन रात्री चालू ठेवू नका.