निरोगी गटातला डॉक्टर

"मॅडम, मी झोपलो तर चालेल ना?" म्हणत तो रेसिडेंट कॉटवर आडवा झाला. आमच्या अभ्यासात तो 'निरोगी' गटात. सिगारेट नाही, बीपी-शुगर नाही, उपाशीपोटी, चहासुद्धा न घेता आलेला. फॉर्मवर बोट ठेवायला जागा नव्हती.

चाचणी सांगायला सोपी. दंडातली धमनी सोनोग्राफीवर मोजायची, कोपराखाली पट्टा आवळून 5 मिनिटं रक्त अडवायचं, सोडायचं, पुन्हा मोजायचं. रक्ताचा लोंढा आला की धमनीचं निरोगी अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि ती रुंदावते. 4 मिलिमीटरची धमनी साधारण 0.3 मिलिमीटरने! तेवढ्यासाठी प्रोब सगळा वेळ एकाच जागी धरायचा. मनगट किंचित कललं की छेद मध्यावरून सरकतो आणि धमनी उगाच बारीक दिसते. भिंतीवरच्या दोन पांढऱ्या रेघा आणि त्यांच्यामधली काळी फट सतत दिसत राहिली, तरच त्या मापाला अर्थ. अहवाल वाचणारे धमनी किती रुंदावली त्याचे टक्के दशांशापर्यंत वाचतात. कर्सर केसभर हलला तर काय होतं, हे त्यांच्या गावीही नसतं.

पट्ट्याखाली हात ठणकतो, मुंग्या येतात. हा चक्क घोरत होता. हात दगडासारखा, चित्रं अप्रतिम. आणि आकडा? 4.02 वरून 4.06. जेमतेम 1 टक्का.

आधी स्वतःवरच संशय घेतला. रेकॉर्डिंग पुन्हा पाहिलं: रेघा जागच्या जागी. रक्ताचा वेग दाखवणाऱ्या डॉपलरवर लोंढाही जोरदार. थोडं थांबून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन दिलं, ते अस्तराला वगळून धमनीच्या स्नायूलाच सैल करतं, तर धमनी 4.6 झाली. म्हणजे स्नायू ठणठणीत, अस्तरच ढिम्म.

"रात्री झोपलात किती?"

"कुठली झोप? 36 तास झाले ड्यूटीला."

फॉर्मवर झोपेचा रकानाच नाही.

सुट्टीनंतर त्याला पुन्हा बोलावलं. तीच वेळ, दंडावर तीच जागा. 4.01 वरून 4.29, 7 टक्के. एका माणसाच्या दोन चाचण्यांवरून झोपेवर खापर फोडणं मलाही धाडसाचं वाटतं. हा आकडा तसाही रोज थोडाफार हलतो. पण इतका?

साहेब म्हणाले, "पहिली चाचणी काढून टाका. तांत्रिक दोष लिहा." दोष कुणाचा? खाली सही माझी. मी शेऱ्यात 'सलग 36 तास ड्यूटीनंतर' एवढंच लिहिलं. शेवटच्या तक्त्यात ती ओळ नाही.

"मॅडम, मग माझा खरा आकडा कोणता?" त्याने विचारलं होतं. मी 'दोन्ही' म्हणाले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, वॉर्डातून बोलावणं होतं.