चरातलं तण कुजतं तेव्हा: बादल्यांची नोंद, दिवस ० ते २८

मांडणी: २० लिटरच्या चार काळ्या बादल्या, सावलीत, झाकण अर्धवट. चारही बादल्यांत निचऱ्याच्या चरातून एकाच वेळी भरलेलं पाणी. पहिली कोरी. दुसरीत २०० ग्रॅम ताजं हायड्रिला (चरात पाण्याखाली वाढणारं तण). तिसरीतही तेवढंच, पण तोलून झाल्यावर कडकडीत वाळवलेलं. चौथीत ताजं हायड्रिला आणि तळाला चरातलाच २ किलो गाळ. तण १ मिमी जाळीच्या पिशवीत, खाली दगड बांधून. तोलण्याआधी चाळणीत १० मिनिटं निथळू द्यायचं, नाहीतर तणाच्या नावावर पाणीच तोललं जातं.

कुजणाऱ्या तणातून पाण्यात जास्तीत जास्त किती नत्र-स्फुरद सुटेल, ही वरची मर्यादा सुरुवातीलाच काढून ठेवली. हायड्रिलात ९२ टक्के पाणी धरलं तर २०० ग्रॅममध्ये सुकं वजन १६ ग्रॅम. त्यात नत्र अडीच टक्के म्हणजे ४०० मिग्रॅ, स्फुरद ०.३ टक्के म्हणजे ४८ मिग्रॅ. सगळं सुटलं तरी पाण्यात नत्राची भर २० मिग्रॅ/लि. आणि स्फुरदाची २.४ मिग्रॅ/लि. कोरी बादली वजा करून आकडा याच्या बराच वर गेला, तर पाणी तपासायचं किट तरी चुकतंय किंवा माल (नत्र-स्फुरद) दुसरीकडून येतोय. ही भर दिसायला छोटी, पण शेवाळ माजायला ०.१ मिग्रॅ/लि. स्फुरदसुद्धा पुरतो.

दिवस १ ते ३: वाळवलेल्या तणाच्या बादलीचा ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) पहिल्याच दिवशी चढला. त्यात मोठा वाटा पालाशचा; तो पेशीत विरघळलेलाच असतो, वाळताना पेशी फाटल्या की भिजताच धुऊन निघतो. स्फुरद त्याच्या मागोमाग. ताज्या बादल्या मात्र ढिम्म, कारण तण अजून जिवंत होतं. अंधारातही हायड्रिला काही दिवस तग धरतं. नवख्यांचा प्रयोग इथेच फसतो: तिसऱ्या दिवशी बदल नाही म्हणून बादली ओतून देतात.

दिवस ५ ते १०: ताज्या तणाची पानं काळपट, चिमटीत धरली की देठापासून निसटणारी. पाण्यावर तेलकट साय, वास नाल्याचा. विरघळलेला ऑक्सिजन दुसऱ्या आणि चौथ्या बादलीत जवळपास संपला. अमोनिया चढायला लागला तो इथून.

दिवस ११ ते १८: चौथ्या बादलीतला नायट्रेट घसरला. एवढंच मोजणारा म्हणेल, कुजतं तण पाणी साफ करतंय! प्रत्यक्षात ऑक्सिजन संपल्यावर जिवाणू श्वासासाठी नायट्रेट वापरतात, आणि त्यातला नत्र वायू होऊन उडतो. त्याच वेळी अमोनिया वरच चालला होता. म्हणून दोन्ही मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नये. स्फुरदाने याच बादलीत आपली मर्यादा ओलांडली, पण किट बरोबर होतं. गाळात लोहाला चिकटून बसलेला स्फुरद ऑक्सिजन गेला की मोकळा होतो. चरात नेमकं हेच होतं, म्हणून गाळाशिवायची बादली अर्धीच गोष्ट सांगते.

दिवस १९ ते २८: दुसऱ्या बादलीत हवेचा दगड (माशांच्या टाकीतला, बुडबुडे सोडणारा) सोडला. अमोनिया उतरला, मध्ये नायट्राइट दिसला, मग नायट्रेट वर. एकूण नत्र फारसा हलला नाही, रूप तेवढं बदललं.

मोजणीतल्या चुका: पाणी चहासारखं झालं की रंगाच्या चाचण्या फसवतात. त्याच पाण्याचा रसायन न घातलेला नमुना शेजारी धरून रंग वजा करा. नमुना ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळा; कॉफीचा कागद पुरत नाही. किट नायट्रेट दाखवत असेल तर नत्रासाठी ४.४३ ने भागा, फॉस्फेट दाखवत असेल तर स्फुरदासाठी ३.०७ ने. वाफेने घटलेलं पाणी खुणेपर्यंत डिस्टिल्ड पाण्यानेच भरा.

चरासाठी यातून निघतं ते इतकंच: तण कापून पाण्यात सोडलं किंवा तणनाशकाने जागच्या जागी मारलं, तर त्यातला माल पाण्यातच राहतो. काठावर रचलेला ढीगही पावसात उलटा चरात निथळतो, आणि वाळलेला ढीग तर जास्तच लवकर. काढल्याच्या दिवशीच चरापासून लांब, उताराच्या पलीकडे टाका.

पुढची फेरी पाणकणसाची. त्याचं वाळकं पान कर्बाने भरलेलं, नत्राला गरीब. सुरुवातीला ते पाण्यातलाच नत्र ओढून घ्यायला हवं. चार बादल्या, गाळ या वेळी दोन बादल्यांत.