सुरगाठ

ठाण्यात ऑगस्टमध्ये कॅनव्हासचे बूट वाळत नाहीत. १४ तारखेला दुपारी धुवायचे, रात्री खडू कालवून त्याचा हात फिरवायचा आणि पंख्याखाली पालथे ठेवून झोपायचं. सकाळी दिसायला पांढरेशुभ्र, आतून गार गिच्च. प्रभातफेरी जांभळी नाक्याला पोचेस्तोवर खडू धुऊन जायचा आणि रांगेमागे दुधासारखे ओघळ राहायचे. स्वातंत्र्यदिन म्हटलं की मला आधी तो पायाचा गारवा आठवतो, बाकीचं सगळं मागून येतं.

फेरीचा रस्ता ठरलेला. तलावपाळी, कोपिनेश्वराचं देऊळ, जांभळी नाका, टेंभी नाका, मग कोर्ट नाक्यावरून पुढे जेलपर्यंत जाऊन परत. पुढे लेझीम, मागे झेंडा, त्यामागे घोषणा देणाऱ्या आम्ही मुली. जेलची भिंत आली की आवाज दुप्पट करायचा. तसं कुणी सांगितलेलं नव्हतं, पण आतल्यांना ऐकू गेलं पाहिजे अशी आमची समजूत होती.

हे जेल म्हणजे मुळातला किल्ला. पोर्तुगीजांनी बांधायला काढला, १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतला, पुढे इंग्रजांच्या हाती गेला आणि त्यांनी तिथे तुरुंग केला. इतिहासाचे सर या भिंतीच्या दोन गोष्टी सांगत. पहिली त्रिंबकजी डेंगळ्यांची. १८१६ मध्ये ते इथून निसटले. खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांतून पळायचा बेत आत पोचायचा, असं सांगतात. ही गोष्ट आम्हाला भारी आवडायची.

दुसरी सांगताना सरांचा आवाज उतरायचा. २१ डिसेंबर १९०९ला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या खटल्यात अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१०ला याच जेलमध्ये फाशी दिलं. कान्हेरे अठरा वर्षांचा. म्हणजे आमच्या वाड्यातला बारावीतला दादा जेवढा होता तेवढा! फेरीत मी त्या भिंतीकडे बघायचं टाळायचे. ओरडायचे मात्र जोरात.

झेंडावंदनाला पाहुणे दरवर्षी तेच. शाळेमागच्या गल्लीत राहणारे एक आजोबा, खादीचा सदरा, काखेत छत्री. १९७२ साली स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपत्रं दिली, त्यातलं एक त्यांच्या बाहेरच्या खोलीत होतं. त्याच्यावर ते खुशाल टोपी अडकवायचे. बेचाळीसच्या चळवळीत त्यांना पकडलं होतं. "घरासमोर एवढं जेल, आणि मला पाठवलं येरवड्याला. आईनं डबा पोचवायचा कसा?" हे वाक्य दरवर्षीच्या भाषणात ठरलेलं. आम्ही ते ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणायचो.

आमच्या फेरीवर ते नाराज असत. १९३०च्या आसपास, स्वतः दहा वर्षांचे असताना, ते फेरीत जायचे. तेव्हा ड्रेस नव्हता, लेझीम नव्हतं. पहाटे अंधारात गाणी म्हणत निघायचं, लोक खिडक्या उघडायचे, पोलिस आले की बोळात पांगायचं. "तुम्ही रांगेत चालता. आम्हाला रांग करायला वेळच नसायचा," ते म्हणायचे. त्यांचं खरं होतं, पण रांग मोडली तर आमच्या बाई ओळीने सगळ्यांना उभं करत. त्यांना कोण सांगणार?

मी नववीत असताना झेंडा बांधायचं काम माझ्याकडे आलं. घडी घालायची, आत गुलाबाच्या पाकळ्या भरायच्या, दोरीचा वेढा घेऊन सुरगाठ मारायची. १५ ऑगस्टला झेंडा खालून वर चढवून उलगडायचा, २६ जानेवारीला तो वरच बांधलेला असतो, हेही सरांनी शिकवलेलं. त्या दिवशी वारा फार होता. सुरगाठ मध्येच सुटेल या भीतीने मी वरून एक निरगाठ मारली. त्यात पाऊस. सुताची दोरी भिजली की फुगते आणि गाठ दगड होते, हे मला कुठे ठाऊक!

आजोबांनी झेंडा वर चढवला, दोरी ओढली. काही नाही. पुन्हा ओढली. पेटीवाल्या सरांनी सवयीने सूर धरला आणि पाचशे पोरांनी राष्ट्रगीत सुरू केलं. सुरू झालेलं राष्ट्रगीत थांबवणार कोण? बावन्न सेकंद आख्खी शाळा एका ओल्या गाठोड्यासमोर सावधानमध्ये उभी. हसू दाबून मुली लाल झाल्या होत्या. मला मात्र रडू फुटत होतं.

झेंडा खाली घेतला. शिपाईमामा कात्री घेऊन धावले. आजोबांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि नखांनी गाठ सैल करत बसले. जेलमध्ये त्यांनी सूत कातलेलं. पाऊस चालू होता, छत्री मुख्याध्यापकांनी धरलेली. पाच मिनिटं गेली असतील, मला तासभर वाटली. गाठ सुटल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी बांधली?" मी हात वर केला. रागावले नाहीत. "ये, बघ," म्हणाले, आणि दोरीचं टोक माझ्या हातात देऊन दोरी दुमडून कशी खोचायची ते दाखवलं. मग झेंडा पुन्हा चढला, राष्ट्रगीत पुन्हा झालं, आणि दुसऱ्या वेळी पाकळ्या पडल्या.

भाषणाचा त्यांचा विषय त्या दिवशी बदलला. आमच्या वक्तृत्ववाल्या मुलाने "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि बालमित्रहो" करत पंधराला सकाळी पंडितजींनी लाल किल्ल्यावर झेंडा फडकवला, असं सांगून टाकलं होतं. आजोबा उठले. "पंधराला इंडिया गेटजवळ. लाल किल्ल्यावर सोळाला." मग म्हणाले, आमचा स्वातंत्र्यदिन आधी २६ जानेवारीच होता. १९३० पासून दरवर्षी त्या दिवशी पूर्ण स्वराज्याची शपथ घ्यायचो. १५ ऑगस्ट माउंटबॅटनने ठरवला, जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं होत होती म्हणून. आमची तारीख मग राज्यघटनेला दिली. मुख्याध्यापक घड्याळ बघत होते. लिमलेटच्या गोळ्या पिशवीत चिकटायला लागल्या होत्या.

आजोबा जाऊन खूप वर्षं झाली. मी आता घोडबंदर रोडला राहते. आमच्या सोसायटीतही झेंडावंदन होतं, नंतर चहा आणि समोसे. झेंडा पॉलिस्टरचा. २०२१ मध्ये ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली, तेव्हापासून तो चालतो. पावसात लवकर वाळतो हे कबूल, पण हाताला निसटता लागतो. तो बांधायचं काम सेक्रेटरींनी माझ्याकडे दिलंय. कारण त्यांना ठाऊक नाही.

गेल्या वर्षी सहावीतली एक मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. "काकू, ही तर बुटाच्या लेसची गाठ. अर्धीच मारली," म्हणाली. मी तिला दोरीचं टोक दिलं. तिने ओढलं, गाठ पटकन सुटली, पाकळ्या ओल्या फरशीवर पडल्या. झेंडा अजून खालीच होता. आम्ही दोघींनी पाकळ्या वेचल्या आणि पुन्हा भरल्या.